बाणाच्या बुडाशी एक दिवा

सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातला शब्द खरा असतो आणि बाण केवळ अलंकार असतो. धनुष्य हाती घेऊन रानात शिरलेला माणूस आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटवला, आणि मृगया हा शब्द शाकुंतलाच्या पहिल्या अंकात शिकवण्यापुरता उरला. अमेरिकेत मात्र आजही दर शरद ऋतूत लक्षावधी माणसे धनुष्यबाण घेऊन हरणांच्या शिकारीस जातात, आणि सुटलेल्या बाणाचे पुढे काय झाले हा तेथे अलंकाराचा प्रश्न राहत नाही. त्याच प्रश्नावरून तेथील शिकाऱ्यांत एक दीर्घ वाद झाला. वादाचा विषय होता बाणाच्या बुडाशी, ज्या खाचेत प्रत्यंचा बसते तेथे, बाण सुटताच पेटणारा एक इवलासा दिवा.

धनुष्याने केलेल्या शिकारींची नोंद ठेवणारी ‘पोप अँड यंग क्लब’ ही अमेरिकेतील प्रमुख संस्था. धनुष्याला वा बाणाला विजेवर चालणारे कोणतेही उपकरण जोडलेले असेल, तर त्या शिकारीची नोंद घ्यायची नाही, असा तिचा नियम होता. २०१४ साली तिने त्याला अपवाद केला: असा दिवा चालेल, आणि धनुष्यावर बसवलेला चित्रीकरणाचा कॅमेराही चालेल. बाकी काही नाही. प्रथमदर्शनी हा प्रकार हास्यास्पद वाटतो. अणूएवढ्या दिव्यावर वर्षानुवर्षे खल करणारी ही मंडळी, आणि त्यांच्या हातातील धनुष्य पाहावे तर त्याला कप्प्या, तारा, मिश्र धातूचा सांगाडा. ज्याला आपण धनुष्य म्हणून ओळखतो त्याच्याशी त्याचे साम्य बेताचेच. एवढे गिळल्यावर दिव्यापाशी ठसका का लागावा, हे आम्हांला समजून घ्यावेसे वाटले. तसे करू गेल्यावर हा इतिहास वाटला होता त्याहून बराच गंभीर निघाला.

क्लबच्या नावातील पोप म्हणजे डॉ. सॅक्स्टन पोप, सॅन फ्रान्सिस्कोतील शल्यवैद्य. यंग म्हणजे त्याचा शिकारीतला सोबती आर्थर यंग. पण या कथेचा आरंभ तिसऱ्याच माणसापासून होतो, आणि त्याचे नाव क्लबच्या पाटीवर नाही. २९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्यापाशी सुमारे पन्नाशीचा, उपासमारीने खंगलेला एक माणूस सापडला. तो याही जमातीचा शेवटचा वंशज होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याच्या लोकांच्या कत्तली केल्या होत्या, आणि उरलेली मूठभर माणसे काही दशके डोंगरदऱ्यांत लपून जगली होती. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर याने त्याला विद्यापीठाच्या संग्रहालयात आणून ठेवले. स्वतःचे नाव उच्चारणे त्याच्या रीतीत बसत नव्हते, म्हणून त्याला ‘इशी’ म्हणू लागले; त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. पुढे साडेचार वर्षांतच, मार्च १९१६मध्ये, क्षयाने तो गेला. शेजारच्याच रुग्णालयात असलेल्या पोपची त्याच्याशी मैत्री जमली, आणि पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकला.

पोपने जे पाहिले ते बारकाईने लिहून ठेवले आहे. इशीचे धनुष्य डोंगरी ज्युनिपरच्या लाकडाचे, पाठीवर स्नायूंचे धागे चिकटवलेले, आखूड, सुमारे चाळीस पौंड ताणाचे. ते तो आडवे-तिरपे धरी, उकिडवा बसून बाण सोडी, आणि प्रत्यंचा अंगठ्याने ओढी. चांदमारीत तो पोपच्या गोऱ्या मित्रांहून डावा ठरे. रानात, सावजाच्या अंतरावर, तो त्यांना भारी पडे. कारण त्याची विद्या मुख्यतः बाण सोडण्याची नव्हती, जवळ जाण्याची होती. शिकारीपूर्वी तो मासे आणि तंबाखू वर्ज्य करी, स्नान करी, अंगाचा वास जाऊ देई. वारा कोणीकडून येतो, हरणे कोणत्या वाटेने पाण्यावर उतरतात, हे त्याला ठाऊक असे. भुसा भरलेले हरणाचे मुंडके डोक्यावर घालून झुडपाआडून ते किंचित हलवावे, म्हणजे कुतूहलाने हरीण आपण होऊन पुढे येते, हेही त्याला ठाऊक होते. १९१४च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी क्रोबर, पोप वगैरे मंडळी त्याला त्याच्याच मुलखात, डीअर क्रीकच्या खोऱ्यात, घेऊन गेली, तेव्हा त्याने हे सारे करून दाखवले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. इशीच्या दृष्टीने धनुष्य ही मर्यादा नव्हती. ते त्याचे संपूर्ण यंत्रशास्त्र होते. लपून राहणाऱ्या माणसासाठी तर, आम्हांला वाटते, ते बंदुकीहून सरस होते. बंदुकीचा बार म्हणजे शत्रूला दिलेला पत्ता. पोपच्या दृष्टीने मात्र धनुष्य म्हणजे स्वेच्छेने पत्करलेले उणेपण. घरात बंदूक असताना ती खाली ठेवून निघायचे, यातच त्याचा अर्थ होता. ज्या समाजाने इशीच्या जमातीचा निर्वंश केला, त्याच समाजाने तिचे उपजीविकेचे साधन उचलले आणि त्याचे व्रत केले. पोपचे शिकारीवरील पुस्तक १९२३मध्ये आले आणि या व्रताचा प्रसार झाला. (त्यापूर्वीही मॉरिस टॉम्पसनच्या १८७८च्या पुस्तकाने धनुर्विद्येची एक लाट आणली होती. हा टॉम्पसन यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडून लढलेला सैनिक. अमेरिकेतील धनुष्याच्या पुनरुज्जीवनामागे पराभूतांची सावली अशी दोनदा पडलेली आहे.)

व्रताला तात्त्विक आधार तयारच होता. थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली स्थापलेल्या ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ने ‘न्याय्य पाठलाग’ ही कल्पना रूढ केली होती: सावजाला निसटण्याची खरी संधी असली पाहिजे. ही काही निव्वळ सहृदयता नव्हती. बाजारासाठी चाललेल्या बेसुमार शिकारीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अंदाजे पाच लाखांवर वा त्याहूनही खाली आली होती. आज ती सुमारे तीन कोटी मानतात. हरणे टिकायची, तर शिकाऱ्यांचे हात बांधणे भाग होते, आणि धनुष्य हा हात बांधण्याचा एक प्रतिष्ठित मार्ग होता. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने धनुर्धाऱ्यांसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम ठेवला. हळूहळू इतर राज्येही तसे करू लागली, आणि हे हंगाम बंदुकीच्या हंगामाहून कितीतरी लांब असत. हिशेब सरळ होता. साधन दुबळे, म्हणून दिवस जास्त. आज त्या दिव्यावरून भांडणाऱ्यांच्या मनात हा जुना करार कोठेतरी जागा असतो; साधन दुबळे राहिले नाही, तर जास्तीच्या दिवसांवरचा हक्कही उरत नाही.

त्याच विस्कॉन्सिनमध्ये तेव्हा आल्डो लिओपोल्ड राहत होता. पर्यावरणविचाराचा आद्य ग्रंथकार म्हणून आपण त्याला ओळखतो. तो स्वतः धनुर्धारी होता आणि आपली धनुष्ये आपल्या हातांनी घडवीत असे, हे आपल्या अभ्यासक्रमात येत नाही. १९४८मध्ये तो वारला आणि पुढच्या वर्षी ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ प्रसिद्ध झाले. त्यातील एका निबंधात त्याने दुकानी उपकरणांविषयी त्रागा केला आहे. स्वावलंबनाला आणि रानविद्येला मदत करण्याऐवजी ही उपकरणे त्यांची जागाच घेऊ लागली आहेत, अशी त्याची तक्रार आहे. शिकाऱ्याला टाळ्या वाजवणारे प्रेक्षक नसतात, त्याचे पंच म्हणजे त्याची सदसद्विवेकबुद्धी, हे तो बजावतो. पण आम्हांला अधिक मोलाची वाटते ती त्याची कबुली. वाजवी उपकरण कोठे संपते आणि अवाजवी कोठे सुरू होते, हे आपल्याला नेमके ठाऊक असल्याचा आव त्याने आणलेला नाही. घरी बनवलेली साधने बहुधा माणूस आणि भूमी यांतील नाट्य वाढवतात, एवढेच तो सुचवतो. ज्याने स्वतः लाकूड तासून धनुष्य केले, त्याने हे म्हणणे स्वाभाविक आहे. पण ज्याला ती सवड नाही, तो माणूस या कसोटीवर आरंभीच नापास होतो.

१९६१ साली ग्लेन सेंट चार्ल्सच्या पुढाकाराने पोप अँड यंग क्लब स्थापन झाला, तेव्हाचा प्रश्न आजच्या नेमका उलट होता. धनुष्याने मोठे जनावर खरोखर मरते का, की केवळ जखमी होऊन तडफडते, अशी शंका राज्यांच्या वन्यजीव खात्यांना होती. नोंदी ठेवून धनुष्य पुरेसे समर्थ आहे हे दाखवणे, हे क्लबचे काम होते. आज तोच क्लब धनुष्य अजून पुरेसे दुबळे आहे याची ग्वाही देत बसला आहे. साठ वर्षांत असे काय घडले?

पहिली गोष्ट घडली ती विजेशिवाय. मिसूरीतील हॉलिस विल्बर ॲलन या गृहस्थाने धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या बसवल्या. कप्पीचा आस मध्यभागी नसल्यामुळे दोरी ओढताना आरंभी पूर्ण जोर लागतो, पण पूर्ण ताणल्यावर तो एकदम हलका होतो. १९६६मध्ये त्याने एकस्वासाठी अर्ज केला, १९६९च्या अखेरीस ते मिळाले. साठ पौंडांचे धनुष्य आता पंधरावीस पौंडांच्या श्रमात ताणून धरता येते. हात थरथरत नाही, सावज वळेपर्यंत थांबता येते. पुढे बोटांनी दोरी सोडणेही गेले. दोरी एका खटक्यात अडकवायची आणि खटका दाबायचा, पुष्कळदा अंगठ्याने. अंगठा गेल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण हाताचा वेग पूर्वीचा राहिला नाही, असे महाभारत सांगते. येथे तर गुरुदक्षिणा कोणी मागितलीच नव्हती. ती आपण होऊन देऊन टाकली, आणि बदल्यात वेग वाढला. थोडी कुरकुर झाली, पण हे सारे पचले. क्लबने नवे धनुष्य स्वीकारले. अडला तो विजेपाशी.

का अडला, हे कळायला थोडे गणित हवे. साध्या लांब धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे १७० फूट जातो, कप्प्यांच्या धनुष्याचा सुमारे ३००. हरीण ३० यार्डांवर आहे असे समजून नेम धरला आणि ते प्रत्यक्षात ४० यार्डांवर असले, तर वेगवान बाण नेमाच्या सुमारे आठ इंच खाली जातो. साध्या धनुष्याचा सुमारे दोन फूट. आणि ज्या भागात बाण लागल्यास हरीण लवकर मरते, तो छातीचा भाग जेमतेम नऊदहा इंचांचा. म्हणजे अंतराचा अंदाज दहा यार्डांनी चुकला, की बाण एक तर पोटाखालून जातो, किंवा, आणि हे अधिक वाईट, पोटात अथवा पायात घुसतो. त्यात आवाज बाणाच्या आधी पोहोचतो. प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून हरीण पळण्यासाठी अंग खाली घेते आणि बाण आपण नेम धरला त्याच्या वर लागतो. वीस यार्डांच्या आत जाणे ही इशीची युक्ती या गणितावरचा उतारा होती. आजचा शिकारी लेझरचे अंतरमापक खिशातून काढतो. मचाणाच्या उंचीचा कोनही ते हिशेबात धरते. २०१८च्या सुमारास असे अंतरमापक धनुष्यावरील नेमाच्या साधनातच बसवलेले मिळू लागले: बोट दाबले की अंतर मोजले जाते आणि नेम कोठे धरायचा तो ठिपका आपोआप उजळतो.

क्लबच्या नियमाने एक मजेदार भेद केला आहे. हातातील अंतरमापक चालते. तेच धनुष्याला जोडलेले चालत नाही. हा भेद तर्कदुष्ट आहे असे म्हणणाऱ्यांना आम्ही सहज खोडून काढू शकत नाही. दोन्हींतून मिळणारा आकडा एकच असतो. पण या भेदाला अर्थ आहे असे आमचे मत आहे. आकडा कळल्यावर उपकरण खाली ठेवावे लागते, धनुष्य ताणावे लागते, आणि त्या काही क्षणांत हरीण दोन पावले चाललेले असते. तेवढ्या दोन पावलांत माणसाच्या अंदाजाला जागा उरते. कप्पी माणसाच्या स्नायूंचे काम करते. धनुष्यावरचा संगणक त्याच्या डोळ्यांचे आणि निर्णयाचे. स्नायू उसने घेणे या मंडळींना खपले, जाण उसनी घेणे खपत नाही. पुसट का होईना, ही सीमारेषा आम्हांला योग्य ठिकाणी ओढलेली वाटते.

मात्र साहित्याच्या अभ्यासकाला येथे थबकावे लागते, कारण आपली महाकाव्ये अगदी उलट साक्ष देतात. जनावर पाणी पीत आहे असे समजून दशरथाने अंधारात शब्दवेधी बाण सोडला आणि श्रावण गेला. हरीण समजून जरा व्याधाने बाण मारला तो श्रीकृष्णाच्या तळपायाला लागला. पांडूने मृगरूपातील ऋषीला मारले आणि शाप घेतला. या तिन्ही कथांत धनुर्विद्या निर्दोष आहे. उणी पडली ती ओळख. दशरथाजवळ कौशल्य कमी नव्हते, जाण कमी होती. मग जाण वाढवणाऱ्या साधनाला नाही म्हणणारे आपण कोण? दिव्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा नेमका हाच होता. बाण लागल्याबरोबर हरीण क्वचितच जागी पडते; ते पळते आणि रक्तस्रावाने मरते. शिकाऱ्याने लगेच मागे धावायचे नसते, नाहीतर जखमी जनावर आणखी दूर जाते. छातीत लागला असेल तर अर्धा तास थांबायचे, पोटात लागला असेल तर आठ-दहा तास, मग पाल्यावरील थेंब शोधत माग काढायचा. बाण नेमका कोठे लागला हे संधिप्रकाशात दिसलेच नाही, तर किती थांबायचे हे कसे ठरवणार? बुडाशी दिवा असला की ते दिसते. आरपार गेलेला बाण गवतात सापडतो, आणि त्याच्यावरील रक्ताच्या रंगावरून जखम ओळखता येते. दिवा नेम धरायला मुळीच मदत करीत नाही. तो पेटतो तोच बाण हातातून गेल्यावर. २०१४चा अपवाद या एका मुद्द्यावर टिकतो, आणि तो आम्हांला पटतो.

असाच मुद्दा छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यांविषयी मांडू गेल्यास तो टिकत नाही. झाडाला बांधलेला, समोरून जनावर जाताच आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा आपल्याकडे व्याघ्रगणनेमुळे परिचित आहे. त्याच जातीचा कॅमेरा तेथे शिकाऱ्याचा हेर झाला, आणि मोबाइलच्या जाळ्याला जोडल्यावर तो हरणाची वार्ता तत्क्षणी घरी पोहोचवू लागला. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यात पाणवठे थोडे. एकेका पाणवठ्याभोवती कॅमेऱ्यांची दाटी होऊ लागली, ते पाहायला येणाऱ्या माणसांनी जनावरे बुजू लागली, शिकाऱ्यांची आपसांत भांडणे लागली. १ जानेवारी २०२२पासून ॲरिझोनाने शिकारीसाठी असे कॅमेरे वापरण्यास बंदी केली. यूटानेही त्याच वर्षी हंगामातील वापरावर निर्बंध घातले. त्याआधी २००५च्या सुमारास टेक्सासमधील एका संकेतस्थळाने घरबसल्या संगणकावरून खरी बंदूक झाडून खरे जनावर मारण्याची सोय काढली होती. त्यावर शिकारविरोधक आणि शिकारी एकाच सुरात संतापले आणि एकामागून एक राज्यांनी ती निषिद्ध केली. आता नवा तंटा आहे तो उष्णता टिपणाऱ्या ड्रोनचा: मेलेले हरीण रात्री शोधून देणारे यंत्र. मिशिगनमध्ये तो न्यायालयापर्यंत गेला. ड्रोनवाले म्हणतात, आम्ही दिव्याचे भाऊबंद, बाण सुटल्यानंतरचे. पण जे यंत्र मेलेले हरीण दाखवते, तेच उद्या पहाटे जिवंत हरीणही दाखवील. दिव्याच्या बाबतीत तशी भीती नव्हती.

आमचा एक जुना विद्यार्थी विस्कॉन्सिनमध्ये नोकरीला आहे. त्याचा शेजारी धनुर्धारी. एका नोव्हेंबरात संध्याकाळी त्याने बाण सोडला, आणि तो मागे लागला की काय, हे त्याला कळेना. अर्धा तास थांबून तो मागावर निघाला. कंदील घेऊन आमचा विद्यार्थीही सोबत गेला. जन्मात कोंबडे न मारलेला हा मुलगा रात्री अकरापर्यंत पाल्यावरचे थेंब मोजत फिरला. ओढ्यापाशी रक्त संपले. हरीण सापडले ते दुसऱ्या दिवशी, पलीकडच्या काठाला, कावळ्यांमुळे. कोल्हेकुत्र्यांनी निम्मे खाल्लेले. शेजारी बराच वेळ तेथे टोपी हातात घेऊन उभा होता, असे त्याने लिहिले होते. पुढच्या हंगामाआधी शेजाऱ्याने दिव्यांच्या खाचांचे एक पाकीट विकत आणले, आणि त्याच आठवड्यात परसामागच्या ओक वृक्षावर बांधलेला मोबाइलचा कॅमेरा सोडवून गॅरेजात टाकला. पहिल्याचे कारण विचारायची गरज नव्हती. दुसऱ्याचे विचारायला आमच्या विद्यार्थ्याला संकोच वाटला.